नात्याचा रकाना

पडेगाव,
ता. ९ जानेवारी २०२५

चि. कमरोद्दीन यास,

सप्रेम जयभीम आणि अ. उ. आ. आशीर्वाद देण्याचा अधिकार मला तुझ्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठी असल्यामुळे मिळालेला आहे, आणि अठ्ठावन्न वर्षांत मी तो एकदाही सोडलेला नाही.

आज मात्र आशीर्वादाआधी तुझे कान उपटावेसे वाटताहेत. ते तसेही पेट्यांचे पत्रे ठोकून ठोकून कामातून गेलेत, म्हणून तर हा कागद. फोनवर मी बोंबलणार, तू 'आँ, आँ' करणार आणि सगळी गल्ली ऐकणार. मोबाइलवर लिहावं तर आधी तुझा वासिफ वाचणार. तेव्हा आपलं पत्रच बरं.

अरे, त्या फॉर्मवर तू काय लिहून बसलास? आपली फाइल परत आली. दवाखान्यातल्या मोनाली मॅडमनी माझ्या आकाशला बोलावून घेतलं आणि कागद पुढं सरकवला. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात तुझ्या त्या वळणदार अक्षरात लिहिलंय, 'सख्खा भाऊ'. वर देणाऱ्याचं नाव शेख कमरोद्दीन शेख अमीरोद्दीन आणि घेणारीचं रत्नमाला भिवाजी साळवे. मॅडमनी आकाशला विचारलं, की ही थट्टा आहे की फसवणूक? तो फाइल उचलून सरळ माझ्याकडे आला.

तुला मी पुन्हा समजावून सांगते. सख्ख्या नात्यातल्या माणसाची किडनी घ्यायची असेल तर वाट सोपी असते. नात्याबाहेरच्यानं द्यायची तर समितीसमोर उभं राहावं लागतं. हा माणूस मायेपोटी देतोय की कशाच्या लोभानं, याची ते खात्री करून घेतात. खरं नातं लिहिलं असतंस तर नुसते प्रश्न विचारले असते. आता त्यांना वाटतंय, की आपण खोटं लिहून मागच्या दारानं घुसत होतो. चौकशीला माणसं तुझ्याकडे करमाडलाही येतील.

आकाशला तिशीतच साखर निघाली, मला सख्खं भावंड नाही, आकाशचे वडील जाऊन सहा वर्षं झाली. डायलिसिसच्या यंत्रावर किती दिवस निघतील, हे डॉक्टर आता सांगायचं टाळतात. तू आपणहून पुढं आलास तेव्हा मी तीन दिवस जेवले नव्हते आणि चौथ्या दिवशी हो म्हणाले. ते हो म्हणणं बरोबर होतं का, याची मला आज पुन्हा शंका येऊ लागली आहे.

माझ्या भावजयीला, शहजादीला, जयभीम. कळावे. मैत्री असावी.

तुझी,
रत्नाआपा


करमाड,
ता. १५ जानेवारी २०२५

ती. रत्नाआपास,

सलाम आणि सा. न. वि. वि. पत्र मिळालं. कान उपटलेले पोचले.

आपा, मी खोटं काय लिहिलं ते मला अजून समजलेलं नाय. अम्मी बाळंतपणात तापानं फणफणली, तिला दूध नव्हतं. माझा बारा दिवसांचा जीव शेळीच्या दुधावर तगंना. तुझ्या आईनं, गोजरबाईनं, तुला एका बाजूला घेतलं आणि मला दुसऱ्या. दोन महिने. त्या काळात करमाडात लोक काय काय बोलले असतील, तुमच्यातले आणि आमच्यातलेही! पण अब्बांनी मशिदीसमोर उभं राहून सांगितलं, की आजपासून ही याची माँ आणि ती पोरगी याची बहन. आमच्यात दुधाचं नातं म्हणजे रक्ताचंच. तुझ्याशी माझा निकाह हराम आहे, तुझ्या पोरीशीही झाला असता. सख्ख्या बहिणीला जे नियम तेच तुला. मग रकान्यात दुसरं काय लिहायचं होतं? तिथं 'दूधभाऊ' लिहायला जागा नव्हती, आणि 'मित्र' लिहिलं असतं तर माँ कबरीतून उठली असती. हां, तिला कबर नाय, माहीत आहे, रागावू नको.

चौकशीवाले चार दिवसांपूर्वी येऊन गेले. दोघं होते. मला ऐकू येत नाय म्हणून त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं. समोरचे आप्पासाहेब त्यांना म्हणाले म्हणे, की पेटीवाल्याचा धंदा बसलाय, आता लोखंडी पेट्या घेतं कोण, कपाटं आली, तेव्हा त्यानं सौदा केला असंल तर नवल नाय. तीस वर्षं माझ्याच पेटीत त्यांचं धान्य राहतंय. शहजादी त्या दिवसापासून त्यांच्या दारावरून जात नाय.

एक विचारायचं राहून राहून मनात येतं. पन्नास वर्षं तू पत्राखाली 'लोभ असावा' लिहायचीस. पोस्टकार्डावर जागा नसली तरी कडेनं उभं लिहायचीस. त्या दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आलीस आणि 'मैत्री असावी' सुरू केलंस. मैत्री काय, दुकानदाराशीही असते. माझ्याकडून काही चुकलंय का?

तब्येतीला जप. तुझा लोभ आहे असं मी तरी धरून चालतो.

तुझा अकरा दिवसांनी लहाना,
कमरू


पडेगाव,
ता. २ फेब्रुवारी २०२५

चि. कमरोद्दीन यास,

सप्रेम जयभीम, अ. उ. आ. तुझं पत्र यंत्राच्या खुर्चीवर वाचलं. तुझ्या माँच्या कबरीवर हसू आलं आणि नर्सबाई धावत आल्या, की पेशंटला काय झालं.

तुझं काही चुकलेलं नाही. निवृत्त झाले तरी मास्तरीणच मी, एखादा शब्द टोचला की तो उकरल्याशिवाय चैन पडत नाही. शिबिरात भंतेजींनी सांगितलं, की सगळ्या वाइटाची मुळं तीन, लोभ, दोस म्हणजे द्वेष, आणि मोह, आणि त्यात लोभ पहिला. मला वाटलं, अरे, मग मी जन्मभर पत्राखाली लोकांकडे हे काय मागत आले? म्हणून बदललं.

चार तास डावा हात यंत्राला बांधलेला असतो. उजव्या हातानं शब्दकोश चाळते. लोभाचं मूळ 'लुभ्' या धातूत आहे. त्याचा जुना अर्थ गोंधळून जाणं, वाट चुकणं असा आहे, आणि मग ओढ लागणं, हवंहवंसं वाटणं. लुब्ध, प्रलोभन, लोभस ही त्याचीच लेकरं. जाणकार तर म्हणतात, की इंग्रजांचा 'लव्ह'सुद्धा याच घराण्यातला. म्हणजे बघ, ओढ तीच. तान्ह्या लेकराला आपण लोभस म्हणतो आणि दुसऱ्याच्या ताटावर डोळा ठेवणाऱ्याला लोभी. शब्द एकाच घरात वाढले आणि वेगवेगळ्या वाटांना लागले. कोणती वाट कुठं फुटते, ते मात्र शब्दकोशात सापडलं नाही.

ते मला परवा माझ्याच घरात सापडलं, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. नीट बसून वाच.

शुक्रवारी यंत्रावरून लवकर सोडलं. घरी आले तर रस्त्याकडच्या पुढच्या खोलीत तुझा वासिफ उभा. हातात मोजपट्टी, एक टोक त्याच्याकडे आणि दुसरं आकाशच्या हातात. दोघांचे चेहरे असे उतरले, की मला विचारावंच लागलं नाही. तरी विचारलं. आधी आकाश म्हणाला, की फरशी बदलायचीय. मग सगळं बाहेर आलं. ऑपरेशन झालं, की पुढची खोली वासिफला दुकानाला द्यायची, कायमची, असं त्यांचं ठरलंय. दौलताबाद रस्त्यावरची जागा, मोबाइलचं दुकान चांगलं चालेल म्हणे. मी आकाशला विचारलं, की आधी कोण बोललं? तो मोजपट्टी गुंडाळायला लागला.

कमरू, मला फक्त एवढं सांग. तुला हे माहीत होतं का? माहीत असेल तर चौकशीवाल्यांचा संशय खराच होता, आणि आप्पासाहेबही खरेच होते. मग मी माझं नाव मागं घेते. यंत्रावर जितकं निघेल तितकं निघेल. पण दुधाचा मोबदला भिंती मोजून घेतलेला मला चालणार नाही.

कळावे.

रत्नमाला


करमाड,
ता. १० फेब्रुवारी २०२५

ती. रत्नाआपास,

सलाम वि. वि. तुझं पत्र पोस्टमन देऊन गेला तेव्हा मी कडी ठोकत होतो. खाली 'रत्नमाला' लिहिलेलं पाहिलं आणि हातोडी बोटावर बसली. तू मला आजवर कधी सबंध नावानं सही केलेली नाय.

मला माहीत नव्हतं. अल्लाची कसम, माँच्या दुधाची कसम.

वासिफला समोर बसवलं. आधी म्हणाला, की आकाशभैयानंच म्हटलं. मी बघत राहिलो. ऐकू येत नसलं, की माणसाच्या तोंडाकडे बघायची सवय लागते, आणि तोंड खोटं बोलताना दिसतं. मग रडला. त्यानंच विचारलं होतं. आकाशला गाठून म्हणाला, की अब्बा आपलं अंग कापून देताहेत, उद्या त्यांच्यानं पत्रा उचलला नाय तर घर कोण चालवील, आम्हाला काय? आकाशला आई हवी होती. त्यानं खोली देऊन टाकली. त्याच्या जागी मी असतो तर घर दिलं असतं. त्याला बोलू नको.

वासिफला मी मारलं नाय. हात उचलला होता, शहजादी मधे आली. तो माझ्याशी तीन दिवस बोलला नाय, आणि आज सकाळी न सांगता कारखान्यात येऊन भट्टी पेटवली.

आमच्यात लालचेला तमा म्हणतात, अरबी शब्द आहे. मौलाना जुम्म्याला सांगतात, की तमा माणसाला खाऊन टाकते. मराठी शाळेत तूच मला शिकवलंस, की 'जिवाची तमा न बाळगता' म्हणजे पर्वा न करता. मी तेव्हा चक्रावलो होतो. आता तुझं पत्र वाचून वाटलं, की तुमचा लोभ काय आणि आमची तमा काय, दोन्ही लालचेच्या घरून निघाली आणि मायेच्या घरी नांदायला आली. तू शब्दकोशात बघून सांग, मी बरोबर बोलतो का.

आता कामाचं. मी खोटं नातं लिहिलं नव्हतं, हे शपथपत्रावर 'दुधाचा भाऊ' असं घालून वकिलाकडून लिहून दिलं. समितीची तारीख ११ मार्च आलीय. आकाश काल येऊन गेला. त्याचं म्हणणं, खोलीची गोष्ट तिथं काढायची नाय. सौदा मोडलाय, आता त्याचा उच्चार कशाला? समितीला नुसता वास जरी आला तरी फाइल कायमची बंद, आणि वर पोलीस. आपा, मलाही त्याचं पटतं. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नाय. तू पंचशील म्हणतेस ते मला ठाऊक आहे, पण एक वेळ जीव वाचव, मग काय ते म्हण.

नाव मागं घ्यायचं बोलू नको. ते दूध मी परत करू शकत नाय, एवढं तरी करू दे.

तुझा,
कमरू


पडेगाव,
ता. ५ मार्च २०२५

चि. कमरोद्दीन यास,

सप्रेम जयभीम, अ. उ. आ. रमजान लागला. रोजे धरतोयस हे कळलं. डॉक्टरांना विचारलंस का, की आपल्याच मनानं?

तमाचं तू अगदी बरोबर सांगितलंस. कोशात तसंच आहे. शाळेत इतकी हुशारी दाखवली असतीस तर मला तुझ्या वाटचे निबंध लिहावे लागले नसते.

शहजादी येऊन गेली. तुला सांगितलं नसेल. बस बदलत एकटीच आली, चहा नको म्हणाली. बराच वेळ माझ्या हाताच्या सुयांच्या खुणांकडे बघत बसली. मग एकच विचारलं, की एका किडनीवरच्या माणसाला किती वजन उचलता येतं? मी म्हटलं, की डॉक्टर म्हणतात, काही महिन्यांनी नेहमीसारखं. तिनं मान हलवली आणि उठली. दारात म्हणाली, की बाजी, तुम्ही जगावं असं मलाबी वाटतं, खोटं नाय बोलत. एवढं बोलून गेली. त्या रात्रीपासून मला झोप नाही.

तुला एक खरं सांगू? मला जगायचंय. शिबिरात शिकवतात, की इच्छा आली, की नुसती बघायची, ती जाते. माझी जात नाही. दिवसाला चार पेले पाणी, त्यातच चहा, त्यातच गोळ्या. मला तांब्याभर पाणी प्यायचंय, घटाघटा, गळ्यावरून ओघळेल असं. आकाशचं लग्न बघायचंय. जांभळाच्या दिवसांत करमाडला यायचंय. भंतेजींच्या यादीतला लोभ म्हणतात तो हाच असेल, तर तो माझ्या हाडापर्यंत मुरलाय. आणि त्यासाठी मी तुझ्या कुशीत सुरी घालायला निघाले आहे. वासिफला मी कोणत्या तोंडानं बोलू? त्यानं एक खोली मागितली. मी त्याचा बाप मागितला.

म्हणून मी ठरवलंय. समितीला मी खोलीचं सगळं सांगणार. मोजपट्टीसकट. आकाश माझ्याशी भांडला, रडला, पाया पडला. पण खोटं बोलणार नाही, असं 'मुसावादा वेरमणी' रोज म्हणायचं आणि जिवावर आलं, की गिळायचं, हे मला जमायचं नाही. तुला गप्प राहायचं असेल तर तू गप्प राहा, मी रागावणार नाही. दोघांना वेगवेगळं बोलावतात. आपले जबाब जुळले नाहीत तर फाइल बंद होईल, हे मला ठाऊक आहे.

तू आकाशजवळ सांगितल्याप्रमाणे माझ्या लग्नातली पेटी काढून पुसून ठेवली आहे. तिचं तिथं काय करणार, ते तूच जाणे.

कळावे. मैत्री असावी.

तुझी,
रत्नाआपा


करमाड,
ता. ४ एप्रिल २०२५

ती. रत्नाआपास,

सलाम, सा. न. वि. वि., आणि ईद मुबारक. शीरखुर्मा आकाशबरोबर पाठवलाय, तो त्यानं खायचा आहे. तू वास घे.

मंजुरीचा कागद तुलाही मिळाला असंल. ऑपरेशन २२ एप्रिलला. समितीच्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर बोलता आलं नाय, आणि तू तर माझ्याकडे बघतच नव्हतीस, म्हणून आत काय झालं ते लिहितो.

मला आधी बोलावलं. पाच माणसं टेबलामागं. ऐकू येत नाय म्हटल्यावर त्यांनी प्रश्न कागदावर लिहून दिले. पहिला, ही तुमची कोण? मी वासिफ आणि आकाशकडून पेटी आत आणवली आणि झाकण उघडलं. आतल्या बाजूला मीच पिवळ्या रंगानं लिहिलेलं आहे, 'चि. सौ. कां. रत्नमाला हिस बंधू कमरोद्दीनकडून सप्रेम भेट, १४ मे १९८९'. साहेबांनी बोटानं खरवडून बघितलं, रंग जुना आहे का. मग आतली पत्रं काढली. तू ती सगळी जपून ठेवलीस हे मला माहीत नव्हतं. समितीत एक बाई होत्या, त्या एक एक वाचत सुटल्या. बाकीच्यांनी त्यांना थांबवलं.

मग दुसरा कागद आला. या बदल्यात तुम्हाला किंवा घरच्यांना काही मिळालं आहे का, मिळणार आहे का? आपा, मी 'नाय' असं लिहिणार होतो. पेन टेकवलं होतं. दिवसभराचा रोजा, घसा कोरडा पडला होता. आणि मला तुझे ते चार पेले आठवले. मी तर संध्याकाळी मगरिबला रोजा सोडून सुटणार होतो. मग मी सगळं लिहिलं. पोरानं खोली मागितली, तुझ्या पोरानं कबूल केली, तुला कळलं तेव्हा तू तो सौदा मोडलास, मला कळलं तेव्हा मी मोडला. खाली सही केली, आणि वाटलं, की आपणच बहिणीला मारलं.

बाहेर आलो आणि तुला आत नेलं. तू काय सांगणार ते मला माहीत होतं. मी काय सांगितलं ते तुला माहीत नव्हतं. तो अर्धा तास माझ्या दुश्मनावर येऊ नये. नंतर वासिफला बोलावलं. त्यानंही खालमानेनं कबूल केलं, की मीच मागितली होती. मोनाली मॅडमनी मागून आकाशला सांगितलं, की दोघांची लाजेची गोष्ट शब्दाला शब्द जुळली, आणि तीच बघून समिती वळली. तरी वीस दिवस झुलवलंच.

शहजादी तुझ्याकडे आली होती, ते तिनं आता सांगितलं. तिचं म्हणणं, की पत्रे वासिफ उचलील, तुम्ही आपलं झाकणावर नाव टाकत बसा. वासिफ रोज येतो. कडी अजून वाकडीच बसवतो.

पण व्हरांड्यातून निघताना तू आकाशला म्हणालीस, की मंजुरी आली तरी मी अजून सही करायचं ठरवलेलं नाय. तोंडावरून वाचलं मी. म्हणून एक गुन्हा कबूल करतो. समितीला मी लिहून दिलं, की बदल्यात मला काही नको. ते खोटं होतं. मला हवंय. पत्राखाली तू जे लिहायचीस ते मला परत हवंय. २२ तारखेच्या आत आलं तर मी उपाशीपोटी दवाखान्यात हजर. नाय आलं तर समजेन, की आपाला माझ्याकडून काही घ्यायचं नाय.

वाट बघतो.

तुझा लहाना,
कमरू


पडेगाव,
ता. १६ एप्रिल २०२५

चि. कमरूस,

सप्रेम जयभीम, अ. उ. आ. परवा जयंती झाली. मिरवणूक दारावरून गेली, मी पुढच्या खोलीच्या खिडकीत बसून पाहिली. ती खोली आता मोकळीच ठेवणार आहे. ऑपरेशननंतर तू तिथं महिनाभर राहायचंस, म्हणजे मला तुझ्यावर अधिकार गाजवता येईल. शहजादीलाही सांगितलं आहे. तिनं या वेळी चहा घेतला.

तुझं पत्र दहा दिवस उशाखाली होतं. रोज ठरवायची आणि रोज मोडायची. मग काल यंत्रावर बसल्या बसल्या मनात आलं, की माझ्या आईनं तुला जवळ घेतलं तेव्हा माझ्या वाटचं दूध कमी पडलं असेल, आणि मी रडलेही असेन. पण कुणी मला विचारलं नव्हतं आणि तुलाही विचारलं नव्हतं. तू प्यायलास आणि जगलास. तुझ्या त्या तोंड लावण्याला आईनं कधी लोभ म्हटलं नाही. मग माझ्याच तोंडाला मी का म्हणू?

आज सकाळी दवाखान्यात जाऊन सही केली. मोनाली मॅडमनी विचारलं, की घेणारीच्या फॉर्मवर 'दात्याशी नाते' हा रकाना तुम्ही कोरा ठेवलाय, तो भरा. मी भरला. तू काय लिहिलं होतंस ते आठवून, तुझ्यासारख्याच वळणदार अक्षरात.

येताना तांब्या घेऊन ये. आईचा आहे तुझ्याकडे, मोठा, पितळी.

लोभ असावा. होता तेवढा तर असावाच, आणि दोन तांबे जास्त.

तुझी लोभी बहीण,
रत्नाआपा